निळ्या दोऱ्याच्या कुंड्या

९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

फोन करायचा सोडून ही बाई पत्र कसलं लिहिते, असं तुम्ही म्हणालच. कारण सरळ आहे. फोनवर तुमच्याशी बोलायला लागलं की दादा शेजारी बसून मध्ये मध्ये तोंड घालतो, आणि या कामात त्यानं तोंड घातलेलं मला चालणार नाही. शिवाय आमच्या संशोधन केंद्राचा नियमच आहे, चाचणीचं जे काही असेल ते लेखी.

सोबत एक खोकं पाठवलंय. त्यात घेवड्याच्या बियांच्या दोन पुड्या आहेत, एकीला निळा दोरा बांधलाय, दुसरीला पिवळा. दोऱ्यांच्या गुंड्याही आहेत. ज्या पुडीचं बी, त्या रंगाचा दोरा कुंडीला बांधायचा. एका पुडीत मी तयार केलेलं नवं वाण आहे आणि दुसरीत जुनं, सगळे लावतात ते. कुठल्यात कुठलं ते विचारू नका, मलाही माहीत नाही. आमच्या बियाणे-भांडारातल्या बाईंनी चिठ्ठी उचलून ठरवलं आणि तोंड शिवून बसल्या आहेत. मला कळलं असतं तर माझा डोळा माझ्याच लेकराकडे वळला असता, म्हणून ही सोय.

घेवड्यावर तांबेरा पडतो तो तुम्ही पाहिलाय. आधी पानावर फिकट ठिपके, मग ते फुटून आतून गंजासारखी भुकटी. मागच्या वर्षी तुमच्या गच्चीतला घेवडा त्यानंच गेला. तुम्ही हळहळलात आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातून खूश झाले. केंद्राच्या काचघरात आम्ही रोग पाळतो, बोलावला की येतो. पण तो आपणहून आला तर माझं वाण काय करतं, हे मला बघायचंय. म्हणून काही घरांमध्ये अशा कुंड्या दिल्यात आणि सगळ्यांत जास्त भरवसा तुमच्या गच्चीवर आहे.

आता अवघड भाग. पाणी घालायचं आणि बस्स. रोग आला तर येऊ द्यायचा. पान खुडायचं नाही, पुसायचं नाही, औषध मारायचं नाही. आठवड्यातून एकदा, ऊन चढायच्या आत, खोक्यातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे. उभा जन्म वॉर्डात काढलेल्या सिस्टरला "रोग्याला हात लावू नका" असं सांगताना माझी जीभ अडखळते. पण वहिनी, डिसेंबरात वाण-निवड समिती बसणार आहे. आजवर मुदत वाढवून वाढवून घेतली. यंदा दाखवता आलं नाही तर माझं वाण बंद आणि कॅमेऱ्याचं कामही त्याच्याबरोबर. माझी सगळी उमेद या घेवड्यात गेली आहे.

कराल ना?

तुमची,
चौकशीबाई

*

२८ ऑगस्ट

वन्सं,

खोकं पोचलं. नणंदेनं भावजयीला भेट पाठवली आणि वर बजावलं, हात लावू नका. आमच्या जुन्या वॉर्डातल्या बायकांना सांगितलं तर म्हणतील, कितीही शिकली तरी नणंद ती नणंदच.

बी रुजलं. सगळ्या कुंड्या गच्चीत पाण्याच्या टाकीजवळ ओळीनं मांडल्यात, एक निळी एक पिवळी, एक निळी एक पिवळी. दोरे तुमच्या दादांनी बांधले. बुकबाइंडरच ते, साधी गाठ मारतील तर शपथ. वह्या शिवताना मारतात तसली गाठ मारलीय, आता कुंडी फुटेल पण दोरा सुटायचा नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवायची ह्यांची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. आधी बियांचा आकार विचारला, मग कॅमेऱ्याची चौकशी केली, मग हळूच म्हणाले, "धाकटीनं आपलं बी कुठल्या दोऱ्यात ठेवलं असेल गं?" मी म्हटलं, "त्यांना स्वतःलाच माहीत नाही." तर म्हणाले, "असं कुठं असतं? ज्याचं त्याला माहीत नाही?" आणि मिशीत हसले.

कॅमेरा मात्र गमतीचा आहे. गरम ते पांढरं दिसतं आणि गार ते काळं, एवढं मला कळलं. सरावासाठी ह्यांच्या टकलावर धरला, तर हातातल्या चहाच्या कपाइतकं पांढरं चमकलं! पण मला सांगा, पानाचा फोटो असा कशासाठी? झाडाला ताप येतो का? आणि येत असेल तर तो आजार दिसायच्या आधी येतो की नंतर? आमच्याकडे माणूस "मला काही झालं नाही" म्हणत असतो तेव्हाच तापाचा तक्ता चुगली करतो. तुमच्या घेवड्याचंही तसंच का?

हात लावणार नाही. शब्द दिला.

वहिनी

*

६ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुमचा प्रश्न मी आमच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवला. आमचे प्रमुख म्हणाले, "या बाईंना इथे घेऊन या, आपल्याला इथवर यायला फार वर्षं लागली."

ताप म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा नाही. पानाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून ते पाण्याची वाफ सोडतं आणि गार राहतं. घाम येऊन अंग गार व्हावं तसंच. रोग आत शिरला की या घामाचं गणित बिघडतं. पानाचा एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा गरम होतो, कधी आधी गार होऊन मग गरम. डोळ्याला पान हिरवंगार दिसत असतं आणि कॅमेऱ्यात त्यावर पांढरे ढग. निदान मला तसं वाटतं. काचघरात बऱ्याचदा दिसलंय. उघड्या गच्चीवर, वाऱ्यात, उन्हात दिसतं का, ते तुमचे फोटो सांगतील. दिसलं, तर रोग फुटायच्या आधीच माणसाला कळेल की आजारी झाड कुठलं. तुमचा तक्ताच तो.

आणि माझ्या वाणाची हकीकत तुम्हाला कधी सांगितलीच नाही. केंद्राच्या कुंपणाला एक रानटी घेवडा चढलेला होता. शेंगा करंगळीएवढ्या आणि कडू, कोणी ढुंकून बघत नसे. एका वर्षी तांबेऱ्यानं आमची सगळी शेती लाल झाली आणि हा आपला कुंपणावर हिरवा. मी त्याचं पान काढून भिंगाखाली धरलं. त्यावर रोग बसला होता, पण जिथे बसला तेवढाच टाचणीच्या टोकाएवढा भाग पानानं स्वतः मारून टाकला होता. रोगाला जिवंत पान लागतं. मेल्या तुकड्यावर तो उपाशी मरतो. वहिनी, त्या दिवशी मी जेवायचं विसरले. तेव्हापासून त्या कडू घेवड्याचा हा एक गुण गोड घेवड्यात आणायचा, एवढंच माझं काम चाललंय. गुण येतो तर कडूपणाही येतो, कडूपणा घालवावा तर गुण जातो. आता कुठे दोन्ही जमल्यासारखं वाटतंय.

दादाला सांगा, ज्याचं त्याला खरंच माहीत नसतं. विज्ञानाची सगळी मजा त्यातच आहे.

चौकशीबाई

*

२ ऑक्टोबर

वन्सं,

आला तुमचा पाहुणा.

शेजारच्या गच्चीतल्या वेलावर आधी दिसला, मग आपल्याकडे. पिवळ्या दोऱ्याच्या कुंड्यांवर बारीक ठिपके आहेत, फिकट, पण पुष्कळ. निळ्या कुंड्या मात्र स्वच्छ. परवा एका निळ्या कुंडीत खालच्या पानावर चांगला लालसर डाग पाहिल्यासारखा वाटला, काल बघते तर नाही. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. गेल्या महिन्यापासून सुई ओवतानाही त्रास होतोय.

तुम्ही मला काय शिक्षा दिलीय, तुमचं तुम्हाला तरी कळतंय का? रोज गच्चीत जाते, हात पाठीमागे बांधते आणि राउंड घेते. पिवळ्यांचं एखादं तरी पान वाकवून खालून बघावंसं वाटतं, पण नाही म्हणजे नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी जितेपणी घालवून दाखवतेय, लिहून ठेवा.

घरातली बातमी म्हणजे तुमच्या दादांनी या वयात तपकीर ओढायला सुरुवात केलीय! मला सांगितलं नाही, पण धुवायला टाकलेले रुमाल बघितले तर तपकिरीच्या डागांनी भरलेले. विचारलं तर म्हणाले, "सरसाचे असतील." मी काय आज लग्न करून आलेय? सरसाचा डाग कडक होतो, हा नुसता झटकला तरी उडतो. बोलले नाही अजून. किती दिवस लपवतात ते बघते. तुम्हीही कळू देऊ नका.

दुसरं एक खूळ म्हणजे टाकीचं झाकण. रोज सकाळी मी गच्चीत जायला निघते तेव्हा हे जिन्यातून खाली येत असतात. "झाकण नीट बसलंय का बघून आलो." इतकी वर्षं त्या टाकीकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. म्हातारपणी माणसाला काय सुचेल, सांगता येत नाही.

फोटोंचं कार्ड सोबत आहे.

वहिनी

*

१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

कार्ड मिळालं. फोटो इतके सरळ आणि स्पष्ट आहेत की इथल्या पोरांना दाखवून लाजवलं.

बाकीच्या घरी यंदा तांबेरा फिरकलाच नाही. कोणाच्या कुंड्या उन्हानं वाळल्या, कोणाच्या शेळीनं खाल्ल्या. म्हणजे आता सगळा भार तुमच्या गच्चीवर. घाबरवत नाही, पण आहे ते सांगते.

एक कोडं मात्र पडलंय. कॅमेऱ्यात निळ्या कुंड्यांच्या पानांवर पांढरे ढग भरपूर आहेत. म्हणजे माझ्या हिशेबानं ती आजारी पडायला हवीत. आणि तुम्ही लिहिता, निळ्या स्वच्छ. पिवळ्यांवर ढग नाहीत, नुसत्या टिकल्या आहेत, आणि तुम्ही लिहिता, पिवळ्यांवर ठिपके. कॅमेरा आणि डोळा एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देतायत. तुमच्या डोळ्यावर माझा विश्वास आहे, चष्मा असो वा नसो. मग कॅमेराच खोटं बोलतोय का? गच्चीच्या वाऱ्यानं फसला का? फरशीची ऊब लागली का? रोज नवीन शंका काढते आणि रोज तीच माझी मलाच पटत नाही.

दादाच्या तपकिरीबद्दल वाचून हसू आवरेना. ओढू द्या बिचाऱ्याला. नाही तरी त्याला दुसरा नाद कुठला आहे?

शेंगा धरल्या की शेवटचे फोटो पाठवा.

चौकशीबाई

*

११ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

शेवटचं कार्ड आणि तुमची चार ओळींची चिठ्ठी मिळाली. "निळ्या शेवटपर्यंत स्वच्छ, पिवळ्यांवर ठिपकेच ठिपके." आज सगळ्यांसमोर भांडारातल्या बाईंना तोंड उघडायला सांगितलं.

पिवळं वाण माझं.

मी तिथेच खुर्चीत बसले. अर्थ सरळ आहे. जुन्या वाणावर काहीच आलं नाही, म्हणजे यंदाचा तांबेरा अगदी अशक्त होता. आणि अशा अशक्त तांबेऱ्यानंही माझ्या वाणाच्या अंगावर ठिपके उठवले. जोरदार आला तर काय होईल? आणि कॅमेऱ्यानं निरोगी झाडाला आजारी म्हटलं. एका गच्चीवर दोन्ही कामं एकदम बुडाली.

समितीसमोर मोडकं वाण घेऊन उभं राहायचं नाही, असं ठरवलं. मी ते मागे घेतेय असं पत्र लिहून प्रमुखांच्या टेबलावर ठेवलंय. कोणाच्या तरी शेतात ते गेलं असतं आणि तिथे पडलं असतं, त्यापेक्षा हे बरं. असं मी स्वतःला सांगते. दुपारी कुंपणाजवळ गेले होते. तो कडू घेवडा अजून आहे, मजेत आहे. त्याला बघून रडू आलं.

तुमचे कष्ट वाया गेले, त्याबद्दल माफ करा. दादाला सांगू नका इतक्यात. त्याला वाईट वाटेल.

चौकशीबाई

*

१६ नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र लिहू की नको, यात दोन दिवस गेले.

कॅमेरा का फसला ते तरी कळावं म्हणून मी सगळे फोटो पुन्हा लावून बघितले. निळ्या कुंड्यांत ज्या पानावर पांढरा ढग दिसतो, ते पान पुढच्या आठवड्याच्या फोटोत नाहीच. एक नाही, दोन नाही, जवळजवळ प्रत्येक. त्याच्या जागी देठाचा बुडखा आहे, तिरका, स्वच्छ कापलेला. पान आपोआप गळलं तर असा बुडखा राहत नाही. टाके काढावेत इतक्या सफाईनं कोणीतरी काढलंय.

आणि एका फोटोत निळ्या कुंडीच्या काठावर पांढरे डाग आहेत. ते हाताचे आहेत. माणसानं कुंडी धरून नुकतीच सोडली की हाताची ऊब काठावर थोडा वेळ राहते आणि कॅमेरा ती टिपतो. फोटो तुम्हीच काढलाय. सोबत त्याची मोठी प्रत पाठवते.

तुम्हाला राहवलं नाही ना, वहिनी? मी तुम्हाला बोल कसा लावू? अख्खं आयुष्य ज्या कोणा आजाऱ्याला टाकून उठल्या नाहीत, त्यांना मी हे काम सांगितलं, चूक माझीच. पण मला एकदा तरी लिहायचंत. निळ्यांनाच का आणि पिवळ्यांना का नाही, हे तर मला अजिबात कळत नाही.

तुमची नणंद

*

२४ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला, लपवत नाही. शब्द दिला होता मी. वॉर्डात शब्द द्यायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि दिवसभर त्या डब्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी चष्मा पुसून तो फोटो खिडकीत धरला. कुंडीच्या काठावर चार पांढरी बोटं. तीन पुरी आणि एक अर्ध्यावर संपलेलं.

ते बोट मी ओळखणार नाही? कागद कापायच्या यंत्रात त्याचं पेर गेलं तेव्हा पट्टी बांधायला मी होते. रोज ड्रेसिंगला यायचे, जखम भरली तरी यायचे. त्या बोटाला धरून तर मी या घरात आले! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे बाइंडिंगवरून आले. मी चहा दिला आणि फोटो समोर ठेवला. म्हटलं, "हे काय आहे?"

बराच वेळ बघितलं. मग आपलं बोट बघितलं. मग म्हणाले, "एवढं दिसतं यात?"

"याहून जास्त दिसतं. टाकीचं झाकण नीट बसलंय का?"

मग सांगितलं सगळं. रोज सकाळी, माझा चहा उकळेपर्यंत, हे गच्चीत. डाग फुटलेलं पान दिसलं की वह्यांची चामडी कापायच्या सुरीनं उडवायचं, रुमालात गुंडाळायचं आणि बाइंडिंगच्या केरात टाकायचं. उरलेली पानं त्याच रुमालानं पुसायची. आणि मी इकडे तपकीर तपकीर करत बसलेय.

मी विचारलं, "निळ्याच का?"

तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच येडी. म्हणाले, "अगं, निळा तिचा रंग. तिच्या शाळेच्या सगळ्या वह्या मी निळ्या कापडात बांधल्यात. दुसरं कापड दिलं तर घ्यायची नाही. ती आपलं बी पिवळ्यात ठेवील? तिनं माहीत नाही म्हटलं, ते नियमासाठी. मी काय ते समजलो. म्हटलं, एवढं एकदा तिच्या मनासारखं होऊ दे."

वन्सं, त्या क्षणी मला रागवायचं होतं आणि रागवता येईना. मी म्हटलं, "तुम्ही तिचं वाचवत नव्हता. तुम्ही जुन्याला सजवत होता. तिचं होतं पिवळं, ते पडलं तुमच्यामुळे." तुम्ही सांगू नका म्हणाला होता, पण सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय. रात्री जेवले नाहीत. सकाळी उठले ते थेट गच्चीत गेले आणि पिवळ्या कुंड्यांपुढे उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मी शिकवल्यासारखे.

आता कामाचं. एक न धुतलेला रुमाल सापडला, तो कागदात बांधून पाठवतेय. केरातून उचललेली पानंही आहेत, वाळलेली. आणि पिवळ्या कुंड्या अजून उभ्या आहेत. चाचणी संपलीय म्हणून आज पहिल्यांदा त्यांचं एक पान उलटून बोट फिरवलं. ठिपके आहेत, पण बोटाला काही लागलं नाही. भुकटी नाहीच. ठिपका फुटलेलाच नाही. तुमच्या कुंपणावरच्या घेवड्याची गोष्ट आठवली. हे तेच आहे का?

तुमचं ते मागे घ्यायचं पत्र गेलं का? गेलं नसेल तर धरून ठेवा.

वहिनी

*

१९ डिसेंबर

दादा,

हे पत्र तुला. वहिनी, तुम्हीही वाचा, पण आधी त्याला द्या.

वहिनींची मी आधी माफी मागते. ज्या बाईनं शब्द पाळला तिच्यावरच मी आळ घेतला. आणि तांबेऱ्याची जाणकार म्हणवणारी मी, मला वहिनींनी लिहिलं की रुमालावर झटकला तर उडणारा तपकिरी डाग आहे, आणि मी वाचून हसले! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या प्रमुखांनी हे आता सगळ्या नवीन पोरांना सांगायला सुरुवात केलीय.

तुझा रुमाल मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नुसते बीजकण, दादा. इतका जोरदार तांबेरा आमच्या काचघरातही मी क्वचित पाहिलाय. म्हणजे यंदा रोग अशक्त नव्हता, तूच खमक्या होतास. जुनं वाण त्यानं पुरतं धरलं होतं, ती पानं तू रोज उडवत होतास. कॅमेरा खोटं बोलत नव्हता. तू सुरी चालवायच्या आधी तो त्या पानांवर बोट ठेवत होता. आणि त्याच ओळीत, एकाआड एक, त्याच वाऱ्यात, कोणीही न पुसता न खुडता, माझ्या पिवळ्यांनी टाचणीएवढे ठिपके सोसले आणि पुढे जाऊ दिलं नाही. वहिनींनी पाठवलेलं पान भिंगाखाली बघितलं. हो वहिनी, हे तेच आहे.

माझं ते पत्र प्रमुखांच्या टेबलावरच पडून होतं. ते रजेवर होते, म्हणून वाचलो आपण. मी समितीपुढे सगळं सांगितलं. सुरी, रुमाल, टाकीचं झाकण, काही लपवलं नाही. ही चाचणी धरता येत नाही, तिला माणसाचा हात लागलाय, हेही मीच म्हणाले. समितीतल्या एक वयस्कर बाई आहेत, कोणाचं काही ऐकून घेत नाहीत. त्यांनी रुमालाचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "हा पुरावा म्हणून घेता येत नाही. पण न बघितल्यासारखंही करता येत नाही." मला अजून एक हंगाम मिळाला. वाण पास झालेलं नाही, दादा. पुढच्या वेळी ते खरंच पडू शकतं. पण पडलं तर आपल्या पायानं पडेल आणि का पडलं ते मला कळेल. मला तेवढंच हवं होतं.

नवं खोकं पाठवतेय. दोरे पुन्हा निळे आणि पिवळेच आहेत. चिठ्ठी पुन्हा टाकलीय, आणि मला खरंच, खरंच माहीत नाही.

आता निळ्याचं. तुला सांगायचं नव्हतं, पण तू यावरून एवढं केलंस तर सांगायलाच हवं. मला निळा रंग कधीच आवडत नव्हता. तू कामाला लागलास तेव्हा पहिली वही निळ्या कापडात बांधून आणलीस. हातावर सरस वाळलेला, आणि दारातूनच ओरडत आलास, बघ तुझ्यासाठी काय आणलंय. त्यानंतर दुसऱ्या रंगाची वही कोणी दिली तर मी घ्यायची नाही, ते रंगासाठी नाही. ती तू बांधलेली नसायची म्हणून. मी त्या वह्यांमध्ये पानं चिकटवायची, प्रश्न लिहायची. माझी ही सगळी चौकशी तिथे सुरू झाली. त्या वह्या अजून माझ्या टेबलावर आहेत.

रागावलेली नाही. लिहिशील का दोन ओळी? वहिनींकडून निरोप नको, तुझ्या हातानं.

तुझी,
चौकशीबाई

*

२ जानेवारी

चौकशीबाईस,

मला पत्र लिहिता येत नाही, मी फक्त बांधतो. तरी लिहितो.

चुकलो. तुझ्या वहिनीनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलंय आणि किल्ली स्वतःकडे ठेवलीय. मीच सांगितलं तसं करायला. माझा माझ्यावर भरवसा नाही. कुंड्या तिनं मांडल्या, दोरे तिनं बांधले. गाठी वाईट आहेत, पण सुटत नाहीत. ती पाणी घालायला वर गेली की मी जिन्यात बसतो आणि विचारतो, आज काय दिसलं. ती सांगते. आता मलाही बघायचंय, तुझं पडतं की राहतं. ज्याचं त्याला माहीत नसतं त्यात मजा असते म्हणालीस, ती थोडी थोडी कळायला लागलीय. भीतीही वाटते. तुला रोज एवढी वाटते का?

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी बाइंडिंगमध्ये गेलो आणि निळ्या कापडाच्या गठ्ठ्याकडे बघत बसलो. तो रंग मी कारखान्यात तुझ्यासाठी मागून घ्यायचो. दुसऱ्या कोणाला देऊ द्यायचो नाही. एवढी वर्षं.

तुला नवीन वही बांधतोय, या चाचणीसाठी. शिवून झालीय, कापड लावायचं राहिलंय. म्हणून विचारतो. तुझा आवडता रंग कोणता? आता तरी खरं सांग.

कुंड्यांसाठी विचारत नाही.

दादा